मडमेचे हात

अमिरातीतल्या अल ऐनमध्ये आमच्या शेजारच्या व्हिलात एक म्हातारा इंग्रज चित्रकार राहायचा. लंडनपासून दुबईपर्यंत बड्या घरच्या बायकांची पोर्ट्रेट्स करण्यात त्याचा जन्म गेलेला. मडम फक्त चेहऱ्यापुरती समोर बसायची. हात तो मागाहून दुसऱ्याच कुणाचे तरी बघून रंगवायचा.

मंदी आली, त्याच्या शेवटच्या मडमेच्या नवऱ्याचा धंदा बुडाला आणि ती सामानसुमान टाकून देश सोडून गेली. चित्रात तिचा चेहरा तेवढा झाला होता. तरी एका सकाळी म्हातारा आमच्या दारात. "तुमचे हात तासभर द्याल?"

"अहो, पण आता ते चित्र न्यायला येणार कोण?"

"कोणीच नाही. पण तिला बिनहातांची कशी ठेवू?"

मी हात पुसले आणि गेले. त्याने बांगड्या काढायला सांगितल्या, त्या काढल्या. पण भुंड्या हातांनी बसणं जिवावर आलं, म्हणून मनगटाला पिवळा दोरा गुंडाळला. तो बघतच राहिला.

"नवऱ्याला काही होऊ नये म्हणून," मी सांगितलं.

ब्रश दातांत धरून त्याने माझी करंगळी हलकेच सरळ केली, झोपलेल्या बाळाची करावी तशी.

आठवड्याने चित्र पाहायला गेले, तर निळ्या रेशमी गाउनमधल्या त्या मडमेच्या मनगटावर माझा दोरा!

"अहो, हा पुसा आधी! तिला कशाला दोरा?"

तो ब्रश पुसत राहिला.

"तिचाही नवरा संकटात आहे," म्हणाला.