पडदा कोणी पुसायचा

कुंडलच्या बाजूच्या एका गावातील दूध संस्थेची संगणक-प्रणाली मी लिहिली. ती सदोष होती आणि पुण्याच्या कुणा अभियंत्याने दुरुस्त केली, असे तिथले सचिव आजही सांगतात. हे साफ चूक आहे. बदल झाला त्या सकाळी खुर्चीत मी होतो. सचिव माझ्यामागे उभे राहून चहा पीत होते.

किटली काट्यावर ठेवून नमुना यंत्रात घातला की वजन आणि फॅट पडद्यावर उमटत. सचिवांच्याच आग्रहावरून मी टायमर बसवला होता. आतले घड्याळ ठरलेला वेळ मोजी आणि आकडे पुसून पुढच्या माणसासाठी पडदा मोकळा करी. ते अचूक चालत होते. समोर कोण उभे आहे, हे पाहणे त्याचे काम नव्हते.

एका वयस्कर बाईंना मात्र आकडे कधीच वाचायला मिळत नसत. आपल्या म्हशीची फॅट दुसऱ्याच्या नावावर चढते, असा त्यांचा समज झाला. त्या सकाळी दूध न ओतताच त्यांनी किटली उचलली. "उद्यापास्नं न्हाई घालायची म्या."

"मावशी, चष्मा आधीच घालून येत जावा की," सचिव म्हणाले.

"दोनी हात किटलीला आसत्यात. चष्मा काय म्हशीला घालू?"

रांग हसली. मी बाईंना थांबायला सांगितले आणि संगणकापाशी बसलो.

मी टायमर काढून टाकला, असेही सांगतात. तेही खोटे. काट्यावरचे वजन पुन्हा पुन्हा वाचण्याचे काम मी त्याच्याकडेच ठेवले. केवळ पडदा पुसण्याचे काम त्याच्याकडून काढून कळीकडे सोपवले. कोणी कळ दाबील तेव्हाच आकडे जातील, एरवी जागचे हलणार नाहीत. त्यासाठी एक जुना कीबोर्ड मी काट्याशेजारी, दूध घालणाऱ्याच्या हाताशी ठेवला. सचिवांना तो आपल्या टेबलावर हवा होता. मी नकार दिला.

"रांग तुंबंल की ओ!"

"तुंबू द्या."

रांग तुंबलीच, हे मी लपवत नाही. बाईंनी किटली पुन्हा ठेवली, कमरेच्या पिशवीतून चष्मा काढला, पदराने पुसला.

"आवं मावशी, दाबा की!" मागून कुणी ओरडले. "म्हशी सांच्या धारंला आल्या!"

"येऊ दे. त्यास्नी घाई न्हाई, तुलाच हाय."

त्यांनी एकेक आकडा बोट लावून वाचला. फॅट कमीच होती.

"पेंड बदलल्याली हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि कळ दाबली. मग दूध ओतले.

दुसऱ्या सकाळी त्या पुन्हा आल्या, आणि मध्येच घुसणाऱ्या एका गड्याला त्यांनी रांगेच्या शेवटी धाडले.