भिंगारहून आणलेला कॅरम

लग्न होऊन मिरजगावला आले त्याला वर्ष होत आलं होतं, तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, बैलगाडीवरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. डॉक्टरांनी प्लास्टर घालून त्यांना बाजेवर झोपवलं. सारा जन्म रानात गेलेला माणूस, तो बाजेवर काय टिकणार! चहा गार का, कुत्रं कुणावर भुंकतंय, दार कुणी आपटलं, असं करत त्यांनी घर डोक्यावर घेतलं.

एकदा धीर करून मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, घरात कॅरम असता तर मामंजींचा वेळ गेला असता. राहुरीला आम्ही भावंडं दिवसदिवस खेळायचो."

"ते काय असतंय?"

मी जमिनीवर चिंचोके मांडले आणि टिचकीनं एकेक उडवून दाखवला. त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुठं मिळतंय हे?"

मिरजगावच्या बाजारात नांगराच्या फाळापासून बांगड्यांपर्यंत सगळं मिळे, पण कॅरम कुठून मिळणार? मळणी चालू असल्यानं आमच्या ह्यांना खळ्यावरून हलता येईना. शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, "चल, आपुनच जाऊ नगरला." सासू-सुनेनं दोघींनीच एसटीत बसायचं, हे आमच्या घरात पहिल्यांदाच होत होतं.

कापडबाजारात खेळाच्या सामानाचं एक दुकान होतं. मालकानं नवा कोरा बोर्ड पुढं ठेवला. आत्याबाईंनी त्यावरून हात फिरवला, किंमत विचारली आणि हात मागं घेतला. "एवढ्यात दाराची जोडी हुईल की!"

मालक हसला. "मावशी, जुना चालेल का? भिंगारला लष्कराच्या कॅम्पात जाऊन बघा. साहेब लोकांची बदली झाली की सामान विकायला काढतात."

टांगा करून आम्ही भिंगारला गेलो. विचारत विचारत एका बंगल्यापाशी पोचलो. अंगणात सामानाच्या पेट्या होत्या, आणि एक उंच पंजाबी बाई नोकराकडून त्या बांधून घेत होत्या. भिंतीला कॅरम टेकवलेला. कडा हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या.

"खेलना आता है?" बाईंनी विचारलं. मी मान हलवली. "तो पहले मेरे साथ खेलो. जो खेलेगा नहीं, उसको नहीं दूँगी."

आम्ही व्हरांड्यातच बसलो. वर्षभर स्ट्रायकरला हात लागला नव्हता, पहिले दोन नेम हुकले. पहिली सोंगटी कोपऱ्यात गेली आणि मी कुठं बसलेय तेच विसरले. पदर खांद्यावर घसरला. राणी घेतली तेव्हा तर मी चक्क ओरडले. डाव शेवटी बाईंनीच जिंकला, पण त्यांनी माझी पाठ थोपटली आणि आम्ही देऊ त्या पैशात बोर्ड दिला, वर पावडरचा डबा दिला.

टांग्यात आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर त्या म्हणाल्या, "तुला एवढं मोठ्यानं हसता येतंय व्हय गं?" आणि स्वतःच हसत सुटल्या.

एसटीत कंडक्टर म्हणाला, "मावशी, हे टपावर टाका."

"न्हाई टाकायची. माझ्या मांडीवर ठिवते."

रुईछत्तिशीच्या अलीकडं गाडी पंक्चर झाली. सगळे लिंबाखाली उतरले. एका भाजीवालीनं आपली पाटी पालथी घातली, त्यावर बोर्ड बसला, आणि मी, एक मास्तर, कंडक्टर आणि ती भाजीवाली असा डाव रंगला. भोवती कोंडाळं. चाक बदलून झालं, हॉर्नवर हॉर्न वाजले, कुणी उठेना. शेवटी ड्रायव्हर तणतणत आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "सरका जरा. एक डाव मलाबी."

घरी मामंजींनी बोर्डाकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. "पोरांचा खेळ आनलाय!"

आत्याबाईंनी मला डोळ्यानं खुणावलं. आम्ही बाजेशेजारीच बोर्ड मांडला. त्यांना टिचकी मारता येईना, त्या तळहातानंच स्ट्रायकर ढकलायच्या. मामंजींनी हळूच मान वळवली. तिसरी सोंगटी हुकली तेव्हा त्यांना राहवेना.

"अगं, अशी न्हाई! कोपरा धर, कोपरा!"

"मग या की तुमी."

ते उशीला टेकून उठून बसले. त्या दिवसापासून चहा कितीही गार झाला तरी मामंजींनी तक्रार केली नाही.

पाय बरा होऊन ते रानात जायला लागले, आणि कॅरम आम्हा बायकांकडं आला. जेवणं उरकली की आळीतल्या दोघी-तिघी यायच्या. आत्याबाईंना नेम कधी साधला नाही, पण आरडाओरडा सगळ्यात जास्त त्यांचाच.

एका दुपारी मामंजी उन्हातून आले आणि उंबऱ्यातूनच पाणी मागितलं. मी उठायला लागले, तर आत्याबाईंनी माझा हात धरून खाली बसवलं आणि बोर्डावरची नजर न काढता म्हणाल्या, "थांबा जरा. राणी घिऊ द्या."

मामंजींनी पायताण उंबऱ्यापाशी काढलं. मग स्वतःच माठातून तांब्या भरून घेतला आणि राणी कोण घेतंय ते बघायला आमच्यात येऊन बसले.