कापडाखालचा डोंगर

नाच बसवणाऱ्या मॅडमनी माझ्या अंगावर कापड टाकलं आणि म्हणाल्या, "तू डोंगर. हलायचं नाही."

गेरूच्या रंगाचं जाड कापड, त्यावर पांढऱ्या रंगाने काढलेले त्रिकोण. आत स्टुलावर मी. वय सेहेचाळीस. सरकारी कार्यालयात लिपिक. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. माझ्या कुबड्या मॅडमनी पायाने स्टुलाखाली सारल्या. बाकीच्या बायकांना त्या 'तुम्ही' म्हणायच्या, मला आणि रेखाला 'तू'.

कार्यक्रम नाशकातलाच. अपंग आणि धडधाकट माणसांनी एकत्र नाचायचं, असं पोस्टरवर मोठ्या अक्षरात छापलेलं. विषय वारली चित्राचा. तारपा वाजवणारा माणूस आणि त्याच्या चालीने हात गुंफून वळत जाणारी साखळी. दोन महिने आम्ही दोघी त्या साखळीत होतो. मी कुबड्यांवर, सायखेड्याची रेखा चाकांच्या खुर्चीत. माझे हात अडकलेले, म्हणून शेजारची बाई माझा दंड धरायची. जमत होतं. घामाघूम व्हायचे, पण जमत होतं.

कार्यक्रमाला आठवडा राहिला आणि मॅडम म्हणाल्या की आमच्यामुळे साखळी मंदावते, चित्र बिघडतं; आम्ही दोघींनी मागे डोंगर होऊन बसायचं. पोस्टरवर मात्र आम्हीच पुढे.

रेखा नाही म्हणाली. नाचेन, नाहीतर घरी जाईन, पण डोंगर होणार नाही. मॅडमनी मला बाजूला घेतलं. तुझं ऐकेल ती, समजाव तिला. आणि मी गेले समजवायला. हेच मी वर्षभर कुणाला सांगितलं नाही. मी रेखाला म्हणाले, "आपल्याला एरवी कोण बोलावतं? डोंगर तर डोंगर. गप बस."

रेखाने खुर्ची माझ्याकडे वळवली.

"ताई, पायाचं समजलं. तोंडाला काय झालं तुमच्या?"

ती गेली. तिचा भाऊ रिक्षा घेऊन आला, खुर्ची घडी करून मागे टाकली आणि गेले दोघं. मी राहिले. त्या प्रयोगात चाळीस मिनिटं कापडाखाली बसले. आतून काही दिसत नाही, फक्त पावलं ऐकू येतात. दुसऱ्यांची. शेवटी प्रमुख पाहुण्यांनी येऊन कापड काढलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी हात जोडून हसले.

मग मॅडमनी माइक माझ्या तोंडाशी धरला. कुणीतरी रेखाबद्दल विचारलं होतं. मी सांगितलं, तिची तब्येत बरी नाही.

रेखा ठणठणीत होती. हे खोटं मी माझ्या तोंडाने बोलले. कुणी धमकावलं नव्हतं. पुष्पगुच्छ घरी नेला, पाण्यात ठेवला, चार दिवस टिकला. मला तो फेकून देता आला नाही.

यंदा पुन्हा तोच प्रयोग. पुन्हा मी डोंगर. फरक एवढाच की या वेळी रेकॉर्डऐवजी खरा तारपा होता. पेठकडचे रामाकाका, सत्तरीचे. भोपळ्याचं ते लांबलचक वाद्य छातीशी धरून आले. तालमीत दोन फेऱ्या वाजवल्या आणि थांबले. मॅडमनी मला मागच्या पडद्याकडे तोंड करून बसवलं होतं, चेहऱ्याचा आकार कापडातून दिसू नये म्हणून.

काका म्हणाले, "तारप्याला पाठ नाय दावायची."

मॅडम हसल्या. "काका, तो डोंगर आहे."

"डोंगर आत्ता खोकला."

सगळे हसले. कापडाखाली मीही हसले. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी आत माणूस आहे हे ओळखलं होतं.

चहाच्या वेळी काकांनी सांगितलं, साखळी तारप्याच्या चालीने चालते, त्याच्या पुढे कुणी जात नाही. त्यांची आई म्हातारपणी काठी घेऊन नाचायला यायची, तेव्हा ते तिच्या पावलाने वाजवायचे. मी विचारलं, काका, मी उठले तर? त्यांनी बशीतला चहा संपवला. "मंग मी बघीन."

प्रयोगाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. तारपा सुरू झाला. साखळी आली, सगळ्यात पुढे मॅडम. मी कापड फेकलं. स्टुलाखालून कुबड्या ओढल्या आणि काकांच्या मागे, मॅडमच्या पुढे, जाऊन उभी राहिले.

काकांनी मान वळवून पाहिलं आणि चाल उतरवली. माझी कुबडी टेकायची, तेव्हा त्यांचा सूर. टक. सूर. टक. सूर. मागे वीस धडधाकट माणसं, माझ्या पावलाने. पुढे जायची सोय नाही. मॅडमचा श्वास माझ्या मानेवर येत होता. दात आवळून म्हणाल्या, "खाली बस."

मी म्हणाले, "तू माझ्या मागे आहेस. मागेच राहा."

एक अख्खी फेरी मी त्यांना तशी चालवली. मुद्दाम सावकाश. गरज होती त्याहून सावकाश. मजा आली. खोटं कशाला बोलू?

नंतर माइक आला तेव्हा सांगितलं. गेल्या वर्षी रेखा आजारी नव्हती. तिला साखळीतून काढलं, आणि काढायला मी मदत केली. टाळ्या थांबल्या. पाहुण्यांच्या हातातला गुच्छ हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सायखेड्याला गेले. रेखा ओट्यावर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. सगळं ऐकून घेतलं. हात थांबले नाहीत.

"वरीस लागलं तुम्हाला," एवढंच म्हणाली. चहा विचारला नाही. बरोबरच केलं. मीही माफी मागितली नाही. मागितली असती तर ते ओझंही तिच्याच अंगावर टाकलं असतं.

मॅडमचा निरोप आलाय. लेखी दिलगिरी दे, नाहीतर ग्रुपमधून नाव कमी करू. उत्तर दिलेलं नाही, देणार नाही.

ते पोस्टर पुन्हा लागेल. नाशकात, वणीत, कळवणला, कुठेही. जिथे लागेल तिथे मी तिकीट काढून पहिल्या रांगेत बसणार, कुबड्या मांडीवर आडव्या घेऊन, सगळ्यांना दिसतील अशा. आणि कापडाचा डोंगर रंगमंचावर आला, की प्रयोग संपायची वाट बघणार नाही. तिथेच उभी राहून मोठ्याने विचारणार, आत कोण आहे?