बंद शाळेचे मास्तर

सौदीतल्या जुबैलमध्ये कंपनीच्या बसची वाट बघत मी जिथे उभा राहायचो, त्याच्या समोर एक लहानशी भारतीय शाळा होती. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती उघडलीच नाही. तरी एक मास्तर रोज सकाळी टाय लावून यायचे, फाटकाची कडी हलवून बघायचे आणि भिंतीच्या सावलीत बसायचे. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा न राहवून म्हटलं, "शाळा तर खलास झाली. रोज कशाला येता?"

हैदराबादी हिंदीत ते शांतपणे म्हणाले, "सगळ्यांकडून राजीनामे घेतले. राजीनामा दिला की इतक्या वर्षांच्या सर्व्हिसचे पैसे कापतात, शाळेनं काढलं तर पूर्ण द्यावे लागतात. मी दिला नाही. आता घरी बसलो तर म्हणतील, स्वतःच सोडून गेला." मग टायची गाठ नीट करत म्हणाले, "जा म्हणणं त्यांचं काम. ते मी का करू?"

फाटकाच्या आत तसं म्हणायलाही कोणी उरलं नव्हतं. पुढे त्यांना पैसे मिळाले का, मला कळलं नाही.

काही वर्षांनी आमच्या कंपनीचं काम संपलं. मॅनेजरने टाइप केलेला राजीनामा माझ्यापुढे सरकवला, पेनही उघडून दिलं. मी पेनाला टोपण लावलं आणि म्हटलं, "उद्या वेळेवर येतो."