कोळशाची बस आणि खंडेनवमी

नातू सांगतो, झाडापासून केलेलं इंधन जाळलं तर हवेत कार्बनची भर कमी पडते; तोडलेल्या झाडाच्या जागी नवं वाढलं, तर ते तोच कार्बन परत ओढून घेतं. असेल. आम्ही तर नुसत्या बाभळी जाळल्या. लावल्या कुणी?

चौथीत शाळा सोडून मी साताऱ्याकडून ग्वाल्हेरला आलो. महायुद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून पडावाच्या बस-अड्ड्यावरच्या बसला मागे लोखंडी टाकी जोडलेली. तिच्यात बाभळीचा कोळसा पेटवायचा, हँडलचा पंखा फिरवून त्याचा गॅस धरायचा, तो इंजिनात गेला की मग कुठे ते गुरगुरायचं. पंखा माझ्याकडे. त्या गॅसने दुपारपर्यंत डोकं जड व्हायचं, खांदे तर कायमचेच गेले. ड्रायव्हरमामांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेतले. मी त्यांच्याच घरी जेवायचो. मामी वाढताना म्हणायच्या, "खा रे, नाहीतर पंखाच तुला फिरवेल."

स्वातंत्र्यानंतर संस्थान मध्यभारत राज्यात गेलं, पेट्रोल पुन्हा मिळायला लागलं. मोटारखात्याचे नवे साहेब गॅरेजात आले ते नेमके खंडेनवमीला. मामांनी घरची तलवार सकाळीच पुजली होती. आता गॅरेजात पाने-पकडी, जॅक आणि टाकीला हळदकुंकू चाललं होतं.

"ये डिब्बा आज ही उतारो," साहेब म्हणाले. "और इस कोयलेवाले का अब क्या काम?"

गावी परत जाऊन खाणार काय?

"साहब, पूजा की हुई चीज़ आज नहीं उतरती," मामा म्हणाले, आणि उरलेलं कुंकू त्यांनी माझ्या काळ्या कपाळाला फासलं. "लो, इसकी भी हो गई."

साहेबांना हसू आलं. "आपकी मर्ज़ी. दशहरे के बाद देखेंगे."

ते गेल्यावर मामा माझ्यावरच डाफरले, "रडतो काय? कुंकू खराब होऊन राहिलंय."

दसऱ्याचं श्रीखंड मला गोड लागलं नाही. दुसऱ्या दिवशी टाकी उतरवली. मी तिच्याजवळच उभा राहिलो, मलाही आता तिच्याबरोबर भंगारात टाकतील असा. मामा साहेबांशी बोलून आले आणि त्यांनी ओलं फडकं माझ्या अंगावर फेकलं.

"क्लीनर झालास. काच पूस, काहीच दिसत नाहीये."

मी पुसायला लागलो. हातांची काजळीच काचेला लागत होती. काच कितीतरी वेळ काळीच राहिली.