पार्बताबाईंचा अंगठा

नागपूरहून सकाळची गाडी धरली तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. एका अंगठ्यासाठी सानगडीपर्यंत जायचं! गुण पाठवायची उद्या शेवटची तारीख, आणि माझ्या समाजकार्याच्या वर्गातल्या रुचिताचा एक कागद अजून कोराच. तो भरला नाही तर तिचा निकाल अडकणार, आणि सोमवारी तर तिला गडचिरोलीत नोकरीवर रुजू व्हायचं होतं.

घोळ माझाच. वार्धक्याच्या पेपरासाठी मीच मोठ्या हौसेने नियम केला होता. विद्यार्थ्याने दर गुरुवारी एका म्हाताऱ्या माणसाकडे जायचं, मदत करायला नाही, एखादं काम शिकायला. आणि ते जमलं की नाही हे त्या माणसानेच ठरवून कागदावर सही किंवा अंगठा द्यायचा. बैठकीत सगळ्यांनी वा वा केली होती. सानगडीच्या पार्बताबाई रुचिताला पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावायला शिकवत होत्या, आणि दर गुरुवारी नापास करत होत्या.

वरठीला उतरले. कारखान्याकडे निघालेल्या सायकली-मोटरसायकलींच्या गर्दीतून ऑटोने भंडारा, तिथून साकोलीची एसटी. दोन्ही बाजूंना उन्हाळी धानाच्या हिरव्यागार बांध्या (बांध घातलेले भाताचे तुकडे), मधूनच एखादा तलाव. शेजारची सीट साकोलीपर्यंत रिकामीच होती. पाण्याची बाटली तिच्यावर ठेवली, तर वळणावर तीही गडगडत पुढे गेली, उठून आणावी लागली.

साकोलीहून पुढच्या बसमध्ये डुलकी लागली आणि दचकून एक फाटा आधीच उतरले. एप्रिलचं ऊन, हातात रिकामी बाटली. तलावाच्या पाळीवर एक सायकलवाले गृहस्थ थांबले.

"कोनाकडं जाऊन राहिल्या जी?"

"पार्बताबाईंकडे. पत्रावळ्या लावतात त्या."

"त्या बुढीकडं? कायले? आता लग्नात बी कागदाच्या प्लेटा असते. तिच्याकडं कोनी नाही जात जी." त्यांनी हातानेच रस्ता दाखवला आणि पायडल मारलं.

पार्बताबाई ओसरीवर बसल्या होत्या. पुढ्यात पानांचा ढीग, शेजारी गुरुवारची आलेली रुचिता, रडून लाल झालेली.

"बसा जी, मॅडम. पयले जेवा. कागद काही पळून नाही जात."

पत्रावळीवर भात आणि लाखोळीचं वरण (इथल्या शेतातली डाळ), वर कांदा. भूक अशी लागली होती की मी बोलायचंच विसरले. जेवून पत्रावळ उचलली तर खालची जमीन कोरडी.

"ही कोणी लावली?"

"मीच," रुचिता म्हणाली.

आता मात्र माझ्यातली मास्तरीण उठून बसली. "आजी, एक थेंब गळला नाही. मग पोरगी नापास कशी?"

त्यांनी बांबूची एक काडी सोलली. मग दुसरी. मान वर न करता म्हणाल्या, "नाही गळत. मले दिसते ना. तिसऱ्या गुरुवारपासूनच नाही गळत."

"अहो, मग?"

"अंगठा देल्ला का हे चालली. मंग गुरुवारी कोन येईन?"

रुचिता त्यांच्याजवळ सरकली. "आजी, मी रोज फोन करीन ना."

"फोनवर पानं लावता येते का वो?"

वर्गात मी एक अख्खा तास हेच शिकवते, की नातं जोडतानाच ते कसं संपवायचं ते ठरवून ठेवा. फळ्यावर पायऱ्या काढते. पण विद्यार्थी निघून गेला, कागद कपाटात गेला, की मागे उरलेल्या माणसाने गुरुवारचं काय करायचं, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. लाज वाटली. मी पुढ्यातली पानं ओढली आणि काडी खुपसायला लागले. पान फाटलं. दुसरंही फाटलं. अर्ध्या तासाने जे काही झालं ते त्यांनी उजेडात धरलं.

"अगं माय! हे तं चाळन झाली." हसता हसता त्यांना ठसका लागला. मग पदराने डोळे पुसून हात पुढे केला. "द्या तो कागद."

मी पिशवीतून शाईचं पॅड काढलं. त्यांनी अंगठा जोरात दाबला आणि बराच वेळ उचललाच नाही. "हे पास," रुचिताकडे बघून म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुमी नापास, मॅडम."

एवढंच. पुन्हा या म्हणाल्या नाहीत. निघताना माझी ती चाळण तेवढी हातात दिली.

परतीच्या गाडीत रुचिता नोकरीबद्दल बोलत होती. तिची खोली, तिचं ऑफिस, नव्या मैत्रिणी. नागपूरला उतरल्यावर पाया पडली आणि गर्दीत शिरली. तिला मागे वळून बघायला सवड नव्हती, आणि नसावीच. तीस वर्षांत अशा किती जणी गेल्या, आणि मी त्याला यश म्हणत आले.

दिवेलागणीला कुलूप उघडलं. मुलगा बंगलोरला, घरात मी एकटी. दिवसभरात कुणाचा फोन नव्हता. कुकर लावला, आणि काय वाटलं कोण जाणे, ताटाऐवजी ती पत्रावळच टेबलावर मांडली. पहिल्याच घासाला वरण खालून ओघळलं, टेबलावरून थेट मांडीवर आलं.

 मग हात धुतला आणि पुढच्या गुरुवारची वरठीची गाडी किती वाजता आहे ते बघितलं.