गाळात उभ्या सासूबाई

ओहोटीच्या चिखलाचा वास आला की अजून माझ्या हाताला ती फळी जाणवते. जगाची दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचं साल होतं आणि मी नुकतीच लग्न होऊन भाईंदरच्या खाडीकाठी आले होते. सासूबाई गुडघाभर गाळात तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचत होत्या आणि कोणी रुतलंच तर टाकायची फळी घेऊन मी कडेला उभी होते. वसईचा किल्ला बघायला निघालेले मुंबईचे पाहुणे मागे होडीची वाट बघत होते. पलीकडचा तट, मधलं रुपेरी पाणी बघून एक बाई म्हणाल्या, "किती शांत नदी आहे." खाडीला त्या नदी म्हणत होत्या. त्यांच्यातला कॅमेरावाला सासूबाईंना ओरडला, "ए बाई, हलू नकोस, फोटो काढतोय." गाळात थांबलं की पाय रुततात, म्हणून आम्ही सारखे पाय उचलत राहतो. पण पाहुण्यांचा शब्द, सासूबाई थांबल्या. मांडीपर्यंत रुतल्यावर म्हणाल्या, "फळी टाक गो, पाय निघत न्हाय." पाहुणे हसले, कॅमेरावाल्याने पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला. सकाळीच सासूबाईंनी माझ्या मेलेल्या आईचा उद्धार केला होता. मी म्हटलं, "थांबा जरा, पाव्हण्यांचा फोटू होऊ द्या." भरतीचं पाणी त्यांच्या कमरेला लागलं तेव्हा मी फळी टाकली. त्या बाहेर आल्या तेव्हा शिंपल्यांनी त्यांच्या पोटऱ्या सोलून निघाल्या होत्या. त्याबद्दल त्या मरेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. तो फोटो अजून कुणाच्या तरी घरात असेल, आणि त्यात फळी हातात धरून हसणारी मीही असेन.